हे आमचं तूप न्हाय

मुरूमच्या आमच्या गल्लीत जगदेवीअक्का राहते. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं किरकोळ, कपाळावर विभूती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. नवरा मल्लेश शिलाई मशीनवर बसतो आणि दिवसभरात दहा शब्द बोलला तर बोलला. आज गावात सगळे तिला मानानं हाक मारतात. पण मधली पाच वर्षं याच गावानं तिला वेगळ्याच नावानं ओळखलं. ते नाव ज्यानं दिलं, त्याला ते तिनं भरबाजारात गिळायला लावलं. मी शाळेत मास्तरीण आहे, तिच्या घरापासून तिसऱ्या दारात राहते, आणि माझी मुलगी अक्षदा या सगळ्यात होती, म्हणून मला हे सांगता येतंय.

दिवाळी आली की आमच्याकडं घरची बिस्किटं भट्टीवर भाजून आणतात. मैदा, रवा, पिठीसाखर, वेलदोडे आणि घरच्या लोण्याचं तूप घेऊन बायका बंडप्पाच्या भट्टीवर नंबर लावतात. तिथल्या बाया पीठ मळतात, पत्र्यावर नानकटाई मांडतात, पत्रे भट्टीत सारतात. तास-दीड तासानं डबा भरून घरी. जगदेवीअक्का तिथं सोळा वर्षं कामाला होती. तिच्याकडं तूप फेटायचं काम. मोठ्या परातीत तूप-साखर घेऊन तळहातानं गोल गोल फेटत राहायचं, पांढरं, हलकं होईपर्यंत. थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. तिच्या हातची नानकटाई दातानं तोडावी लागायची नाही, ओठानं तुटायची.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीआधी पाच-सहा दिवसांची गोष्ट. भट्टीवर गर्दी होती. पाटलांच्या चन्नम्मा आजी सकाळी नेलेला डबा घेऊन तणतणत परत आल्या. घरच्या म्हशीचं तूप त्या स्वतः कढवतात. डबा ओट्यावर आपटून म्हणाल्या, "बंडप्पा, हे आमचं तूप न्हाय. टाळूला मेणासारखं चिकटालंय. माझं तूप कुठं गेलं?"

बायका वळून बघायला लागल्या. बंडप्पा आत गेला, खुंटीला अडकवलेली जगदेवीअक्काची पिशवी घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उपडी केली. भाकरीचं फडकं पडलं, चुन्याची डबी पडली आणि स्टीलची एक वाटीएवढी डबी पडली. त्यानं झाकण काढलं. आत तूप होतं.

"बघा आज्जी," तो म्हणाला, "सोळा वर्षं माझ्या घरचं अन्न खाल्ली, अन् हे करालती."

ते तूप त्यानंच दिलेलं होतं. डब्यांना चिकटलेलं तूप पुसून कामाच्या बायांनी घरी न्यायचं, हा तिथला रिवाजच होता. अक्कानं तोंड उघडलं, पण शब्द कानडीत आले, ते कुणी ऐकून घेतले नाहीत. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तुप्पद कळ्ळि." तूपचोरीण. दुसऱ्या दिवशी ते मराठीत झालं, तिसऱ्या दिवशी पोरांच्या तोंडी आलं.

खरी गोष्ट तिनं मला लई दिवसांनी सांगितली. बंडप्पा येणाऱ्या प्रत्येक डब्यातलं निम्मं तूप मागच्या खोलीत काढून घ्यायचा आणि तेवढंच वनस्पती तूप भरायचा. फेटणाऱ्या हाताला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"मग बोलला का न्हाईत?" मी विचारलं.

"काम टिकवायचं होतं," ती म्हणाली. "सोळा वर्षं गप्प बसले. ते पाप माझंच हाय, ते त्याच्यावर घालत न्हाय म्या. पण चोरी त्याची हाय."

तिला काम गेल्याचं तेवढं वाटलं नाही. तिला लागलं ते मठात. आमच्या मठात दर सोमवारी दासोह असतो, गावजेवण म्हणा. तिथं पंगतीत तूप वाढायचा मान वर्षानुवर्षं तिचा होता. त्या सोमवारी ती गेली तर तुपाची कासंडी दुसरीच्या हातात. एक बाई नजर चुकवत म्हणाली, "अक्का, तुमी तिकडं वांगी चिरा." ती बसली. वांगी चिरली. पंगत उठेपर्यंत मान वर केली नाही. घरी आल्यावर मल्लेश म्हणाला, "सोडून दे."

"सोडीन," ती म्हणाली, "त्यानं भोगल्यावर."

पुढच्याच वर्षी लॉकडाऊन लागलं. भट्टी बंद, शाळा बंद. त्या रिकाम्या महिन्यांत अक्कानं घरात भट्टी तयार केली. जर्मनचं मोठं पातेलं, तळाला बोटभर वाळू, वाळूत लोखंडी तिवई, तिवईवर ताटली, वर घट्ट झाकण. पहिल्या दहा खेपा करपल्या. अकराव्या खेपेची नानकटाई तिनं माझ्याकडं पाठवली. मी खाऊन पुन्हा तिच्या दारात गेले आणि आणखी मागितली.

बावीसच्या उन्हाळ्यात अक्षदा घरात बसून मोबाईल चिवडत होती. मी म्हणाले, "अक्का, हिला काहीतरी शिकवा." ती म्हणाली, "हिला एकटीला न्हाय. आणखी लेकरं आणा. जितकी येतील तितकी आणा."

मला वाटलं, बाईचं एकटेपण बोलतंय. चार मुलं गेली, आठवड्यात एकोणीस झाली. पुढच्या मे महिन्यात तिशीच्या वर. दुपारी ऊन उतरलं की तिचं अंगण भरायचं. मुलांनी आपापल्या घरून पीठ, साखर, तूप आणायचं. ती परातीभोवती पाच-पाच जणांना बसवून फेटायला लावायची. "हात फिरवा, मन फिरवू नका," म्हणायची. लाटून झाकणांनी गोल कापायचे, सुरीनं मासे, पानं, बैल कापायचे. भाजून गार झाली की रंगकाम. पिठीसाखर दुधात कालवायची. बिटाच्या रसानं गुलाबी, हळदीनं पिवळी, पालकानं हिरवी. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांचे मेंदीसारखे कोन करायचे. कुणी सूर्यफूल काढायचं, कुणी लाल एसटी, कुणी आपल्या कुत्र्याचं नाव. एका पोरानं महादेवाची पिंड काढली, तर ती म्हणाली, "ही कोण खाणार रे? ठेव देव्हाऱ्यात." सगळी मुलं हसून लोळली. ते अंगण बघून मला वाटायचं, बाई सावरली.

एक गोष्ट मात्र मला खेळ वाटली होती. रोज रंगकामाआधी ती मुलांचे डोळे ओढणीनं बांधायची आणि तीन बशांतली बिस्किटं चाखायला द्यायची. एका बशीतलं निव्वळ तुपाचं, दुसऱ्यातलं वनस्पतीचं, तिसऱ्यातलं मिसळलेलं.

"आधी नाक," ती सांगायची. "मग दात. मग जीभ टाळूला लावा अन् थांबा. तूप असंल तर विरघळून जाईल. वनस्पती असंल तर टाळूला चिकटून बसंल. गरम असताना कळत न्हाय. गार होऊ द्या."

पहिल्या आठवड्यात मुलं चुकायची. महिन्याभरात निम्मं-निम्मं ओळखायला लागली. दुसऱ्या उन्हाळ्यात तर पाव भाग मिसळलेलं सुद्धा. बरोबर सांगणाऱ्याला सगळ्यांत मोठं बिस्कीट आणि रंगाचा पहिला कोन. मुलांना त्याचं वेड लागलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात, चोवीसच्या मेमध्ये, अक्षदाच्या मागून एक नवी मुलगी आली. नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हातात तुपाची बाटली.

"कुणाची गं तू?" अक्कानं विचारलं.

"शिवप्रिया. बंडप्पा भट्टीवाल्यांची नात."

मी तिथंच होते. अक्काचा परातीतला हात थांबला. मुलांनी फेटणं सोडून तिच्याकडं बघितलं, कारण घराघरांतून त्यांना सगळं माहीत होतं. मग अक्का म्हणाली, "बा, ये, बस. हितं, माझ्याशेजारी."

त्या दिवसापासून शिवप्रियाची जागा तिच्या उजव्या हाताला. ती अक्षदाकडं खेळायला जाते, एवढंच बंडप्पाच्या घरी ठाऊक होतं. पोरीचा हात साधा होता, रंग तिला जमायचे नाहीत, तिची फुलं नेहमी पसरायची. पण जीभ! आठ दिवसांत तिनं सगळ्यांना मागं टाकलं. डोळे बांधलेले, मान तिरकी, तीनदा चावून ती म्हणायची, "निम्मं," आणि ते निम्मंच असायचं.

एक दिवस मुलं गेल्यावर मी अक्काला म्हणाले, "ह्या पोरीला तुमी काय म्हणून एवढं शिकवालाव?"

ती पातेल्यातली वाळू चाळत होती. म्हणाली, "तीस लेकरं म्या तीस घरांसाठी तयार केली. ही देवानं पाठवली. माझी पिशवी त्यानं चारचौघांत उपडी केली, मास्तरीण. आता त्याच्याच रक्ताची जीभ त्याला चावंल."

मला त्या दिवशी ती चाखायची बशी पहिल्यांदा नीट कळली. अक्षदाचं नाव काढून घ्यावं असंही मनात आलं. काढलं नाही. का नाही, तर मलाही ते बघायचं होतं. त्या गर्दीत मीसुद्धा उभी होते पाच वर्षांखाली, आणि एक शब्द बोलले नव्हते.

दिवाळीच्या आठवडाभर आधी अक्कानं मुलांना बोलावून घेतलं. "ह्या रविवारी आपापल्या आईसंगं भट्टीवर जायचं," ती म्हणाली. "घरचं तूप न्यायचं. बिस्किटं आली की गार होईपर्यंत तिथंच थांबायचं. एक खायचं, अन् जे कळंल ते मोठ्यानं सांगायचं. खोटं सांगायचं न्हाय. तूप आपलं असंल तर आपलंच हाय म्हणायचं."

रविवारी दुपारी भट्टीवर पंधरा-वीस बायका होत्या आणि त्याच्या दुप्पट मुलं. अक्का समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसली होती. सकाळपासून बसली होती म्हणे. रस्ता ओलांडून तिनं पाऊल टाकलं नाही.

आमचा डबा आला. अक्षदानं पंख्याखाली धरून बिस्कीट गार केलं, खाल्लं, आणि मला वाटलं त्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, "आई, हे आमचं तूप न्हाय."

बायका हसल्या. तेवढ्यात प्रेम नावाचा पाचवीतला मुलगा म्हणाला, "आमचं बी न्हाय." मग कोपऱ्यातून तिसरी, मग चौथा. हसणं थांबलं. चन्नम्मा आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या काठी टेकत उठल्या.

बंडप्पा गल्ल्यावरून उठून आला. "लेकरांना काय कळतंय तुपातलं?" तो म्हणाला. "कुणीतरी शिकवून पाठवलंय." त्यानं रस्त्यापलीकडं बघितलं. मग त्याचं त्यानंच ते केलं, जे कुणी त्याच्याकडून करवून घेऊ शकलं नसतं. आत बसलेल्या नातीला त्यानं हाक मारली. "शिवप्रिया, बाहेर ये. बघा, हे आमच्या घरचं लेकरू हाय. ही सांगंल. सांग गं ह्यांना, कसलं तूप हाय ते."

शिवप्रिया आली. तिनं आमच्या डब्यातलं एक बिस्कीट उचललं. हुंगलं. डोळे मिटले, कारण ओढणी नव्हती. तीनदा चावली आणि जीभ टाळूला लावून थांबली.

"आज्जा," ती म्हणाली, "ह्यात निम्मं वनस्पती हाय."

आणि शाबासकीसाठी तिनं सगळ्यांकडं बघितलं. तिला फक्त उत्तर बरोबर आल्याचं कळलं होतं.

"कामाच्या बायांनी केलं असंल," बंडप्पा पुटपुटला.

"आता कुणाची पिशवी उपडी करतोस?" चन्नम्मा आजी म्हणाल्या आणि काठीनं मागच्या खोलीचं दार ढकललं. आत वनस्पतीचे डबे होते आणि त्यांच्यासमोर झाकण लावलेल्या चार कासंड्या. एका बाईनं झाकण उचललं तशी घरच्या तुपाचा वास बाहेरपर्यंत आला. मग जो गलका झाला तो काय सांगू! एकीनं पत्रा उचलून रस्त्यावर फेकला. दुसरी त्याच्या सात पिढ्या काढत होती.

त्या गोंधळातून शिवप्रिया रस्ता ओलांडून पळत गेली. "अक्का, बरोबर सांगितलं न्हव का म्या?"

अक्का पायरीवरून उठली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. दया शोधत होते. नव्हती. "बरोबर सांगितलीस," ती म्हणाली, आणि पोरीच्या डोक्यावरून तिची नजर भट्टीच्या दारात उभ्या असलेल्या त्या माणसावर होती. ती हसली नाही, पण तिचा चेहरा पाच वर्षांत पहिल्यांदा मोकळा झालेला मी पाहिला.

तिसऱ्या दिवशी बंडप्पा तिच्या घरी आला. सोबत मुलगा श्रीशैल आणि मठातले एक वडीलधारे. चटई टाकली, पाणी दिलं. वडीलधारे म्हणाले, "जगदेवी, झालं ते झालं. हा चुकलो म्हणतोय. घरातल्या घरात मिटवू."

"घरातल्या घरात झालं न्हवतं," ती म्हणाली. "मालक, जिथं पिशवी उपडी केलाव तिथं सांगा. बाजारच्या दिवशी. मराठीत बी सांगा अन् कानडीत बी. एकाला बी कळलं न्हाय असं व्हायला नको."

श्रीशैल चिडून उठला. बापानं त्याचा हात धरून खाली बसवलं. भट्टीवर तीन दिवसांत एक डबा आला नव्हता.

बाजारच्या दिवशी बंडप्पा भट्टीच्या ओट्यावर उभा राहिला. भाजीवाले, बांगडीवाले, खेड्यांतून आलेले सगळे थांबले. त्यानं मराठीत सांगितलं की तूप तो काढत होता, जगदेवीनं कधी घेतलं नाही. मग थांबला. गर्दीत उभी असलेली अक्का जागची हलली नाही. मान खाली घालून तो म्हणाला, "तप्पु नंदु." चूक माझी.

"ऐकू आलं न्हाय," अक्का म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

मला वाटलं, इथं संपलं. तिचं संपलं नव्हतं. पुढच्या सोमवारी दासोहात तुपाची कासंडी पुन्हा तिच्या हातात आली. पंगतीत बंडप्पा बसला होता; मठात न येऊन चालणार नव्हतं. प्रत्येकाच्या ताटात ती पळीभर तूप घालत पुढं येत होती. त्याच्यासमोर आल्यावर तिनं पळी त्याच्या नाकाशी नेली आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "वास घेऊन बघा, मालक. घरचंच हाय न्हव का?"

बंडप्पानं मान हलवली. तिनं तूप वाढलं, आणि तो ते जेवला. तिनं पुढच्या ताटाकडं जाताना मागं वळूनही बघितलं नाही. त्या रात्री तिला पाच वर्षांनी गाढ झोप लागली, असं मल्लेशनं मला आपणहून सांगितलं.

पण शिवप्रिया दिसेनाशी झाली. अक्षदा शाळेतून बातमी घेऊन आली. घरी तिला मार बसला होता. बाप तिला घरभेदी म्हणतो, आजी ताटात वाढताना बोलत नाही. दिवाळीची सुट्टी तिनं मामाकडं काढली, तिथूनही रडत परत आली. मी हे अक्काला सांगितलं. ती वेलदोडे सोलत होती.

"ते माझ्या हातनं झालं," ती म्हणाली.

"वाईट वाटतंय?"

"वाटतंय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पण पुन्हा तीच येळ आली तर म्या पुन्हा तेच करीन. तुमाला खोटं कशाला सांगू?"

भट्टी आता श्रीशैल चालवतो. बायका आपला डबा सोडून हलत नाहीत; तूप परातीत पडेपर्यंत डोळे लावून उभ्या राहतात. निम्म्या घरांनी तर पातेलं आणि वाळू आणली आहे. बंडप्पा ओट्यावर बसत नाही.

या मे महिन्यात अक्काचं अंगण पुन्हा भरलं. एका दुपारी मी तिथं असताना दारात शिवप्रिया येऊन उभी राहिली. वर्षात उंच झाली होती. चपला काढल्या नाहीत. मुलं बघायला लागली तशी अक्का उठून दारापर्यंत गेली.

"बा," ती म्हणाली. "आत ये."

पोरगी हलली नाही. "अक्का, तुमी मला त्याच्यासाठीच शिकवलाव का? आज्जासाठी?"

अक्काला नाही म्हणता आलं असतं. मला वाटलं म्हणेल. मी तर मनातल्या मनात म्हण, म्हण, असं करत होते.

"व्हय," अक्का म्हणाली.

शिवप्रिया रडली नाही. "आज्जा वाईट हाय, मला ठावं हाय," ती म्हणाली. "पण तुमी मला सांगायचं होतं. म्या तरी बी खरंच सांगितलं असतं."

अक्कानं हात पुढं केला, पिठानं भरलेला, आणि तो तसाच राहिला. पोरगी वळून गल्लीतून निघून गेली, सावकाश, एकदाही मागं न बघता. अक्का ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी होती.

आतून अक्षदानं हाक मारली, "अक्का, करपालंय!"

ती आत आली, झाकण काढलं. ताटलीभर बिस्किटं काळी झाली होती. तीन वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मुलं एकमेकांकडं बघत होती. तिनं ताटली खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं आणि परात पुढं ओढली.

"चला," ती म्हणाली, "हात धुवा. दुसरं पीठ घेऊ."